नापास अज्जा

म्हणजे तुम्हालाही तेच सांगितलंय? की हे मुकुंदराव पी.यू.सी.ला, म्हणजे आताच्या बारावीला, दोनदा आपटले, तरी बघा कसे मजेत आहेत? झालं! म्हणजे बातमी पार गावाच्या टोकाला, तुमच्या केलगेरीपर्यंत पोचली! अहो, बसा, बसा, हळू बोला, पोरगी आत आहे... तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात एकाही परीक्षेत नापास झालेलो नाही. बी.एस्सी. पहिल्या वर्गात, गणितात कॉलेजात पहिला! भिंतीवर तो फोटो आहे ना, गळ्यात हार घातलेला, तो त्याच सत्काराचा. येणारा प्रत्येकजण त्याला लग्नातला फोटो समजतो, तो भाग वेगळा. मग नोकरी? पाटबंधारे खात्यात कारकुनाची, कारण तीच आधी लागली. खात्याच्या परीक्षासुद्धा पहिल्या फटक्यात! आणि आज सगळं धारवाड मला नापास म्हणतंय, आणि मी गप्प. काय बोलणार?

सुरुवात नातीपासून झाली. आमची श्रीनिधी, माझ्या मुलाची, किरणची मुलगी. डॉक्टर व्हायचं म्हणून दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास, क्लास, पुन्हा अभ्यास, आणि नीटचा निकाल काय? सातशेवीसपैकी दोनशे एकतीस. एवढ्या गुणांवर सरकारी कॉलेजच्या फाटकातला वॉचमनसुद्धा नाव विचारत नाही. पोरीनं आत जाऊन भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवण नाही, बोलणं नाही. किरण आणि सूनबाई दोघं बँकेत, म्हणजे दिवसभर पहारा आम्हा म्हाताऱ्यांचा. आमच्या हिनं शेंगाची चटणी करून पाहिली, पोरीच्या आवडीची भरली वांगी केली... ताट जसंच्या तसं परत! मी पुस्तकी माणूस, दाराशी उभा राहून थोरामोठ्यांची वचनं ऐकवली. आतून आवाज आला, "अज्जा, पंखा वाढवता का?" घ्या! वचनं पंख्याच्या वाऱ्यावर.

आणि मग आले आमचे मेहुणे. प्रभंजन. हुबळीला कमरीपेठेत भांड्यांचं दुकान, आवाज सगळा पितळी. सोफ्यावर बसले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "अगं श्रीनिधी, रडतेस काय? भावोजींचंच बघ की! पी.यू.सी.ला आपटले. काय बिघडलं? पेन्शन खाताहेत!"

मी म्हणालो, "प्रभंजन, मी कधी...?"

तेवढ्यात पडदा हलला हो! तीन दिवसांत पहिल्यांदा! पोरगी दारात उभी, केस पिंजारलेले, डोळे सुजलेले. "खरंच, अज्जा? तुम्ही नापास झाला होता?"

मी तोंड उघडलं आणि बायकोकडे पाहिलं. जयलक्ष्मीचे डोळे तुम्ही पाहिलेले नाहीत. पन्नास वर्षं मी ते पाहतोय. म्हणालो, "हो... म्हणजे... झालो होतो."

पोरगी येऊन बसली. "मग काय केलंत?" आणि ऐकता ऐकता, तुम्हाला सांगतो, दोन चपात्या खाल्ल्या! हिनं हळूच तिसरी वाढली आणि मला खुणेनं सांगितलं, चालू ठेवा. मी चालू ठेवलं. काय बोलणार?

पण हे औषध एका दिवसाचं निघालं! दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड. मग दुपारी शेजारच्या भाग्यलक्ष्मीअक्का आल्या. त्यांना प्रभंजनचा आवाज भिंतीतून ऐकू गेला होता. आल्या आणि पडद्याजवळ खुर्चीच मांडली. "नोडव्वा, बघ गं श्रीनिधी, एकदा काय घेऊन बसलीस, तुझे अज्जा दोनदा गेले! लेक्कात! गणित काही केल्या डोक्यात शिरेना. आठवतं ना हो, मुकुंदराव?"

गणितात! मी! ज्याचा त्या गणितासाठी सत्कार झाला, तो मी! आणि या बाई त्या वेळी धारवाडात तरी होत्या का? लग्न होऊन आल्या त्यानंतर दहा वर्षांनी! पण आतून ताटलीचा आवाज आला. पोरगी उपमा खात होती. मी म्हणालो, "आठवतं की, अक्का. फार अवघड होतं गणित."

रात्री जेवायला पुन्हा अडलं, तेव्हा तर आमच्या सौभाग्यवतींनी कमाल केली! वरणभाताचा घास हातात धरून म्हणते, "दोनदा कसलं गं, मॅट्रिकलाही राहिले होते! आमच्या घरी कुणी सांगितलंच नाही, फसवून लग्न झालं माझं!" अहो, डोळ्यांना पदर लावला हो! इतका सरस अभिनय, की क्षणभर मलाच वाटलं, या बिचारीवर अन्याय झालाय. पोरगी हसली. हसली! त्या हसण्यासाठी मी सातवीतही नापास व्हायला तयार होतो. मी गप्प. काय बोलणार?

पण बाहेर प्रभंजननं दुकानात ही जाहिरातच सुरू केली! कुकर घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाचा मुलगा कमी गुणांचा निघाला, की पाठव धारवाडला! परवा एक जोडपं हुबळीहून आलं, बरोबर तोंड पाडलेला मुलगा. बाई मला न्याहाळून नवऱ्याला म्हणते, "बघा, चेहऱ्यावर केवढं समाधान आहे! जिंकायचं काही राहिलंच नाही की असं होतं." आणि मुलाला म्हणते, "पाया पड." तो पडला! मी काय आशीर्वाद देणार? माझ्यासारखा हो?

असा आठवडा गेला. आणि काल सकाळी पाहतो तर पोरगी न्हाऊन, वेणी घालून टेबलाशी बसलेली! पुस्तकं उघडी! मला भरून आलं. म्हटलं, "श्रीनिधी, बाळ, काय ठरवलंस?"

"परत बसणार, अज्जा. या वेळी नीट अभ्यास करणार."

"शाब्बास! म्हणजे माझं ऐकून धीर आला ना?"

पोरीनं पेन खाली ठेवलं. मग अगदी मायेनं, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "नाही, अज्जा. भीती वाटली."

मी तसाच उठलो. म्हटलं पुरे झालं! फोटो भिंतीवरून काढायचा, पोरीसमोर ठेवायचा आणि सांगायचं, बघ, पहिला वर्ग, गणितात पहिला! फोटोला हात घातला, आणि हात तिथेच थांबला. कारण तुम्हीच सांगा, नापास होऊन कारकून झालो म्हणून ती भिऊन अभ्यासाला बसली. आणि पहिल्या वर्गात पास होऊनही कारकूनच झालो, हे कळलं तर? पुस्तकं मिटून पुन्हा भिंतीकडे तोंड करेल हो! मग कुणाला बोलवू? आता नापास व्हायला माझ्याकडे परीक्षाच उरली नाही!

फोटो सरळ केला, पंच्यानं पुसला आणि परत येऊन बसलो. काय बोलणार?

तर तुमचा मुलगा कुठाय? बाहेर चप्पल काढतोय? या, या, घेऊन या आत. मी सांगतो त्याला सगळं, चहा घेईपर्यंत होईल. फक्त फोटोचं विचारलं तर तो लग्नातलाच म्हणायचा. आणि शेजारी ते मिशावाले प्रिन्सिपॉल उभे आहेत ना? ते माझे सासरे.