स्मारांदाबाईंची खोडलेली वाक्यं

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या कंपनीचे संचालक लिव्यू स्तांच्यूसाहेब, प्रमुख पाहुण्या आणि टिमिशोआराच्या उपमहापौर किंगा बालोगबाई, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या स्मारांदा व्लादबाई, आणि कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेल्या सार्मालेचं टेबल हाताशी यावं म्हणून मागच्या खुर्च्या धोरणीपणाने पटकावलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

दस्तऐवज विभागाचा प्रमुख म्हणून बोलायचा मान मला, कोर्नेल द्रागानला, मिळाला आहे. त्याला मी पुरेसा पात्र नाही, हे पुढे कळेलच.

आधी पुष्पगुच्छाविषयी. तो आपल्याच एआय एजंटने मागवला. गुलाब बारा आले. सम संख्येची फुलं आपण फक्त दफनाला नेतो, हे त्याला कुणी लिहून दिलं नव्हतं. स्वागतकक्षातल्या ओआनाने जिन्यातच एक गुलाब उपटला, म्हणून बाई आज आपल्यात आहेत. उपटलेला गुलाब संचालकांच्या कोटावर दिसतो आहे, शोभतोही आहे.

बाईंनी एकतीस वर्षं यंत्रं कशी वापरावीत हे लिहिलं. ते कुणी वाचलं? हात वर करू नका, पाहुण्यांसमोर उगाच शोभा नको. मीही वाचत नसे, फक्त सही करत असे. मग फोनमध्ये बसून माणसाची कामं परस्पर उरकणारे हे एजंट आले आणि बाईंना म्हातारपणी वाचक मिळाला. कसा वाचक? शब्द न शब्द वाचणारा आणि शब्द न शब्द खरा मानणारा. असा वाचक मोठमोठ्या लेखकांना मिळत नाही, आणि मिळू नये.

दोन वर्षांपूर्वी आपण एजंटसाठी एक एपीआय टूल काढलं. त्याला विचारायचं, या फोनमध्ये कोणकोणती अ‍ॅप आहेत, आणि त्याने यादी द्यायची. एवढंच. त्याचं माहितीचं पान बाईंनी लिहिलं. आता आपली पद्धत पाहुण्यांना सांगायला हवी. उद्याचं तंत्रज्ञान घडवणारी ही कंपनी प्रत्येक पान आधी कागदावर छापते. विभागप्रमुख त्यावर पेनाने दुरुस्त्या करतो, खाली सही ठोकतो, गोल शिक्का मारतो आणि कागद कपाटात जातो. शिक्क्याची सक्ती केव्हाच गेली. आपल्या मनातून ती जाईल तेव्हा जाईल.

पानावर बाईंची दोन वाक्यं होती. हे टूल फोनने दाखवू दिलेली अ‍ॅपच दाखवतं. एखादं अ‍ॅप यादीत नाही, म्हणजे ते फोनमध्ये नाही, असं समजू नये. मला ती वाक्यं भित्री वाटली. मी म्हटलं, "बाई, गिऱ्हाइकाला कशाला शंका द्यायची? एजंट हुशार आहे, समजून घेईल."

"अरे, तो हुशार नाही," बाई म्हणाल्या. "तो आज्ञाधारक आहे."

मी दोन्ही वाक्यं खोडली आणि वर लिहिलं, हे टूल फोनमधली सर्व अ‍ॅप दाखवतं. सही केली. शिक्काही जरा जोरातच मारला.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. गोळ्यांची आठवण करून देणारं एक अ‍ॅप फोन यादीत दाखवत नसे. एजंटने पान वाचलं, यादी पाहिली, अ‍ॅप नाहीच असं ठरवलं आणि कर्तव्य म्हणून दुसरं बसवलं. घरोघरी फोन दोनदा वाजू लागले. आपली ज्येष्ठ मंडळी शिस्तीची, दोनदा सांगितलं की दोनदा गोळी. व्हेता लुंगू नावाच्या निवृत्त शिक्षिका रक्तदाब उतरून ट्रामच्या थांब्यावर पडल्या. मनगट मोडलं. त्या आता बऱ्या आहेत, पण अजून डाव्या हाताने लिहितात.

चौकशी बसली. ज्या कचेरीत कागदाशिवाय चहाची पूडसुद्धा मिळत नाही, तिथे त्या दिवशी कागद कुणी मागितलाच नाही. पडद्यावर पाहिलं, लेखक म्हणून स्मारांदा व्लाद, विषय संपला. बाईंना लेखी ठपका मिळाला आणि पाठोपाठ मुदतीआधी निवृत्तीचा प्रेमळ सल्ला.

त्या संध्याकाळी बाई माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "कोर्नेल, फाईल कपाटात आहे. किल्ली तुझ्याकडे आहे." आणि थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी काय केलं? मी त्यांना कॉफी घेणार का विचारलं.

साहेब, आपण घड्याळ पाहिलंत. संपवतोच.

खरं सांगायचं तर आजचं भाषणही मी एजंटकडूनच लिहून घेतलं होतं. सुरेख उतरलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'स्मारांदाबाईंच्या हातून घडलेली एकमेव गंभीर चूक सोडल्यास त्यांची कारकीर्द निष्कलंक आहे.' त्याला मी काय दोष देऊ? जे लिहून ठेवलेलं आहे ते त्याने वाचलं. मी ते वाक्य खोडायला पेन उचललं आणि माझी मलाच लाज वाटली. खोडण्यात माझा हात बसलेला आहे ना.

म्हणून आज सकाळी कपाट उघडलं. हा तो कागद. हे बाईंचं टाईप केलेलं, हे माझं अक्षर, ही सही, हा शिक्का. बालोगबाई, आपण साक्षीला आहात म्हणून तो आपल्या हातून साहेबांकडे जावा अशी विनंती करतो. साहेब, ठपका माझ्या नावावर घ्यावा, आणि लुंगूबाईंना खरं काय ते मी स्वतः जाऊन सांगावं, याची परवानगी द्यावी. नाही दिलीत तरी जाईन.

बाई, उठू नका. गप्प राहण्याची पाळी आज तुमची नाही, पण मला हे पुरं करू द्या.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आणि गार होत चाललेल्या सार्मालेकडे पाहत इतका वेळ कळ काढणाऱ्या सर्वांचे मी आभार मानतो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असल्यास सभागृहाने पोटात घालावं. न बोलण्यात जे झालं, त्याची माफी सभागृहाकडे मागण्यासारखी नाही. ती मी खाली येऊन, माइकशिवाय मागतो.