सुनेनं सासऱ्याला पळायला शिकवलं

मंडळी, ऐका! आज जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही — पैजेवर सांगतो! पण आधी एक सवाल. वडीलधाऱ्यानं धाकट्याकडून शिकावं का? नुसत्या माना डोलवू नका, घरी येऊन तुमच्या सुनांना विचारीन!

तर बोरजाई गावात हिंदुराव नावाचा पैलवान. यात्रेला नदीचं पाणी कावडीत भरायचं आणि खांद्यावरून टेकडीवरच्या महादेवापर्यंत पळत न्यायचं, हा त्याचा मान. शेजारच्या हिवरमाळचीही कावड सुटायची. ज्याचं पाणी आधी, त्याचा पहिला अभिषेक! हिंदुराव लागोपाठ दोन यात्रा हरला. चढ लागला की छातीचा भाता फाटायचा! पंच म्हणाले, "यंदा मागं पडलास तर कावड दुसऱ्याच्या खांद्यावर." अहो, आज्यापासून घरात असलेला मान! पैलवान ढसाढसा रडला!

तेव्हा कोण बोललं? सून! वैजयंता! कॉलेजात लांब पल्ल्याच्या शर्यती पळलेली. "मामा, मी शिकवते."

गाव हादरलं! सून शिट्टी वाजवणार आणि सासरा पळणार?

पहिल्या सकाळी गड्यानं तालमीच्या रिवाजानं तांब्याभर दूध, वर बदामाची थंडाई चढवली — आणि सुटला! पुढं काय झालं ते वाटेवरच्या ज्वारीला विचारा!

"मामा, कुस्ती मारायची नाहीये. पोट हलकं ठेवा. आणि हळू पळा."

"हळू? सूनबाई, शर्यत आहे का मयत?"

"पळताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं, की चुकलं."

काय सांगू मंडळी — एक गाभण म्हैस त्याला मागं टाकून गेली! पारावरचे ओरडले, "पैलवान, शेपूट धर तिचं!" त्यात सुनेनं सांगितलं, शनिवारी विश्रांती. शनिवारी! मारुतीच्या वारी पळायचं नाही? पुजाऱ्याच्या हातून तेलाची वाटीच निसटली!

पण हिंदुरावानं ऐकलं हो! रोज हळू पळायचा, आणि पळता पळता बायकोच्या माहेराला नावं ठेवायचा. विषय संपेना, तसा दमही संपेना! चढ आला, चढ सरला — तोंड चालूच!

यात्रा आली. हिवरमाळचा गडी सुसाट सुटला. आमचा हिंदुराव मागं — गप्पा मारत! बोरजाईकरांनी कपाळाला हात लावला. गेला मान! आणि चढावर बघतात तर काय? पुढचा गडी धापा टाकत दगडावर बसलेला, आणि हिंदुराव जाता जाता विचारतोय, "काय पाव्हणं, पीकपाणी काय म्हणतंय?"

पहिला अभिषेक बोरजाईचा! कावड हिंदुरावाच्याच खांद्यावर!

आता तुमच्याकडे वळतो. सुनेकडून, पोराकडून शिकायची ज्याला लाज वाटते, त्यानं हात वर करावा! कुणीच नाही? देवळात बसून खोटं बोलता? अहो, शिकलेला माणूस कसा पळतो ठाऊक आहे? थेंब सांडला नाही, पाणी हललं नाही! पुजाऱ्यानं घागर ओतली, तर आत नदीतला मासा — गाढ झोपेत! घोरत होता!

— कोण? बायकांच्या बाजूला कोण उठलं? बोला बाई, मोठ्यानं बोला!

"महाराज, मी वैजयंता. बाकी सगळं खरं. पण देवाचं पाणी आमच्यात फडक्यातून गाळून भरतात, आणि त्या घागरी मीच भरल्या होत्या. मासा कुठून आणलात?"