वरचा मळा

मोझेल नदीकाठच्या बसथांब्यावर दोन म्हाताऱ्या बहिणी माझ्या शेजारी येऊन टेकल्या. दोघींच्या बुटांना डोंगरावरची माती होती.

"ताई, आपल्या द्राक्षमळ्याची वाट आधीपासून एवढी उभी होती का गं?"

"वाट तीच आहे, रोसविथा. गुडघे म्हातारे झाले."

"माथ्यावर ते फिरायला आलेले फोटो काढत होते. किती सुंदर म्हणे!"

"असेलही. त्यांना थोडीच छाटणी करायचीये!"

"यंदा आपली छाटणी कोण करणार?"

"कोणी नाही. वेली उपटायला सांगितल्यात मी."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू रडली असतीस. मग मी आणखी एक वर्ष चढले असते."

"कधी उपटणार?"

"सोमवारी."

"मीही येते. एकटीने बघू नकोस."

बस आली. दोघींपैकी कोणीच उठलं नाही.