सोळा भाज्यांचं मीठ

माहं माहेर शेंदूरजनाघाटचं, माहा बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात राखन कराचा, अन् मले देल्लं इकडे वलगावले, भाजीवाल्याच्या घरी. वावरात वांगे, भेंडी, ढेमसे, सांबार म्हंजे कोथिंबीर, जे निघते ते मी अमरावतीच्या बाजारात नेऊन विकते. अठ्ठावीस वर्सं झाले. अन् काय सांगू तुमाले ताई, महालक्ष्म्या आल्या का बाया माह्याच दुकानाभोवती गोळा होतात, कारन त्या जेवनाले सोळा भाज्या लागतात, सोळा म्हंजे सोळा, पंधरा चालत नाई, मंग मी बरबटीच्या चार शेंगा, कोहळ्याची फोड, अंबाडीच्या दोन काड्या, दोडक्याचा तुकडा असे वाटेच बांधून ठेवते.

आदल्या दिवशी असा बाजार कराचा अन् दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी घरचा सैपाक. पुरनाच्या पोळ्या, कढी, वडे, आंबील, अन् त्या सोळाही भाज्यांची एकच भाजी, मोठ्या गंजात. चाळीसेक मानूस जेवाले राह्यते. अन् नैवेद्य दाखवल्याबिगर काही चाखाचं नाई, बोटही चाटाचं नाई, हे आमच्या सासूबाईंचं सांगनं. मीठ टाकाचं ते अंदाजानं.

माह्या पहिल्याच सालाले सासूबाई पंगतीत म्हनल्या का भाजी अळनी झाली. मंग आमचे घरचे, म्हंजे माहे मालक, म्हनले, हो, अळनीच हाये. तेव्हापासून दर सालाले तेच. आता मले सांगा, मी पाहू कशी? आधी चाखाचं नाई, अन् मांगून आमी बाया बसतो तवा गंज रिकामा. मी बसते कढी अन् पोळी घेऊन. सोळा भाज्या विकते मी, शिजवते मी, अन् ते भाजी मले आजवर कधी भेटली नाई, ताई, कधीच नाई. एका सालाले तर रागानं मूठभर मीठ जास्तीचं टाकलं, तरी म्हनतात अळनी. मले वाटे माह्या हातालेच मीठ नाई.

या सालाले मी ठरवलं होतं का आपन आधीपासूनच काम वाटून देऊ. माही लहान जाऊ अकोल्याले राह्यते, तिले फोन केला का आदल्या दिवशी ये, पुरन वाटाले. हो हो म्हने. अन् आली कवा, तर आरतीच्या टायमाले, नव्या लुगड्यात, गजरा माळून. चुलीजवळ डोकावली, गरम होऊन राह्यलं म्हनली, अन् जाता जाता काय म्हनते, बाई, या वर्सी तरी मीठ पाहून टाका. सकाळपासून उभी होती मी, पाय भरून आले होते, माहं डोक्सं असं फिरलं का बोलू नका.

आरती झाली, नैवेद्य दाखवला. ते नैवेद्याचं ताट आमच्यात घरच्या कर्त्या मानसानं खायाचं, म्हंजे आमच्या घरच्यांनी. ते पहिल्या पंगतीत बसले, मी पोळ्या वाढून राह्यली होती, त्यांच्या मांगंच उभी. अन् मी पाह्यलं का त्यांनी पंगतीत फिरनारी मिठाची वाटी ओढली अन् चिमूट भाजीवर टाकली. घास तोंडात गेला नाई अजून अन् मीठ टाकून मोकळे.

मी ताट उचललं. तिथंच, गडीमानसांच्या पंगतीत, खाली बसली अन् ज्या बाजूले मीठ पडलं नोतं तिकडची भाजी खाल्ली. सारे पाह्यत होते. मीठ बरोबर होतं, ताई. अगदी बरोबर.

मी म्हतलं, अळनी कुठं हाये? तुमी कधी चाखून पाह्यली का?

ते खाली पाहून म्हनले, आई म्हनायची, म्हनून मीबी म्हनत आलो.

सासूबाईले जाऊन नऊ वर्सं झाले. मले आनंद नाई झाला, मले रडूच आलं, संतापाचं. अठ्ठावीस वर्सं मी आपल्याच हाताले दोष देत राह्यली. जावेनं मंग पोळ्या वाढाले घेतल्या.

आता काय, मानूस काही बदलत नाई, पुढच्या सालाले मीच रांधीन, महालक्ष्म्या सगळ्याइले सुखी ठेवोत. तुमीही या जेवाले. फक्त मिठाची वाटी मांगू नका, ते आता पंगतीत फिरत नाई.