ज्याचा गुडघा तो गप्प

हाडांच्या दवाखान्यात माझ्यासमोर तिघे बसले होते. मधल्या ताडमाड गड्याचा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. कडेचे दोघे त्याच्याच गोदामातले, मुकादम आणि कारकून. तोंडं या दोघांचीच चाललेली.

"परवा बास्केटबॉलची फायनल, आणि हे असं! उड्या मारून मारून झालंय, मुकादम."

"उड्या नव्हे हो, बूट! तळ बघा, नुसता कागद उरलाय."

"मी म्हणत होतो, सिमेंटवर सराव नको. ऐकतंय कोण?"

"आपला हुकमाचा एक्का आहे तो. फुलासारखा जपतो मी त्याला!"

नर्सबाई आल्या. "हा काम काय करतो?"

"बास्केटबॉल!" दोघे एकदम.

"पोटासाठी काय करतो, ते विचारतेय."

"पोती चढवतो तिसऱ्या मजल्यावर. त्याचा काय संबंध?"

"दोन दिवस पोती बंद. तरच परवा खेळेल."

"मग माल कोण चढवणार?"

मला राहवेना. "तुम्ही दोघे धडधाकट आहात की!"

"आजी, माझी कंबर..." कारकून कण्हला.

"गप बसा हो!" मुकादम त्याच्यावर खेकसला. "फायनल सोडायची नाही. उद्या आपण चढवू. साठ पोती ती काय!"

तेव्हा कुठे गड्यानं तोंड उघडलं.

"साठ नाही, मुकादम. ऐंशी असतात रोज."