बाटलीतले बुडबुडे

माहेर माहं राळेगावकडचं. लग्न होऊन या गावात आली तवा सासरच्यायनं बुद्धाची दीक्षा घेऊन दोनेक सालं झालती, आन् आमचे हे, माहे घरवाले, सगळ्यायले सांगत, आता मेलेलं ढोर ओढाचं नाही, कोनीबी सांगो. काय सांगू तुम्हाले भाऊ, लेहून घ्याले आले तं आयका, तेवढ्या एका गोष्टीनं आमच्या घराचा दम गेला.

एका शेतवाल्याचा बैल मेला. दारात येऊन म्हने, चाल रे, ओढ. हे म्हनले, बैल तुमचा, तुम्हीच ओढा. त्यानं बंडीची उभारी उपसली आन् तो दांडा यायच्या छातीवर हानला. रगत नाही, काही नाही. सासू म्हने बरगडी मोडली, बांधाच लागते, आन् लुगडं फाडून छाती आवळली. हे म्हनत, दम कोंडते वं माय. मानेजवळ हात लावला तं कातडीखाली मुरमुरे दाबल्यावानी कुरकुरे, ओठ निळे.

मंग बंडीत टाकून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डाक्टरनं पहिले ते लुगडं कापलं, म्हने अशानं मरते मानूस, मंग बोटानं छाती ठोकली, एक बाजू ढोलावानी वाजे आन् तिकडं श्वासच ऐकू येत नव्हता. फोटो काढला. म्हने बरगडीनं फुप्फुस टोचलं, हवा छातीत साचली, फुप्फुस दबलं. बरगड्यायच्या मंधात रबरी नळी घातली, तिचं दुसरं तोंड पान्याच्या बाटलीत. बाटलीत बुडबुडे निघत. मले वाटे, यायचा जीवच निघून राह्यला. आन् एका सकाळी बुडबुडे थांबले तं मी ऊर पिटून रडाले लागली. नर्सबाई धावत आली, म्हने अवं येडे, थांबले म्हंजे भोक बुजलं, फुप्फुस फुगलं, तूच पडशीन आता बिछान्यावर!

मंग पोलिसातला जमादार बयान घ्याले आला. यायचे मोठे भाऊ कानात म्हने, गावात राहाचं हाय, बंडीवरून पडलो म्हन. हे कायले ऐकते. नळी छातीत, तरी एकेक शब्द उचलून बोलले, उभारीनं... मारलं... बैल... नाही ओढला.

साक्षीले कोनी आलं नाही, केस बुडाली. मंग छातीत पू झाला, फुप्फुस आखडलं. आता हे दोन शब्द बोलते आन् दम घेते, विहिरीवरून बालटी आनवत नाही. म्हनून तुमच्यासंगं मी बोलून राह्यली. थे पाहा, खाटेवरून मान हालवून राह्यले, मी चुकली तं हात वर करतीन.

लेहा भाऊ, बैल ओढला नाही. आन् तुमच्या लेकराबाळायले पुरता दम भेटो.