मागच्या रांगेला दिसणारा हिरवा

मंडळी, सगळी सोनई जमली हाय, आन मला बोलायला उभं केलंय. मी मंगल. दत्तूनानांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बारा वर्षं सोल्डरिंग करते. हातात माईक कधी धरला न्हाई. नानांना जाऊन आठ दिवस झाले, रडूच येतंय. पण टेबलावरचा हा दिवा बघितला आन गप्प बसवंना!

आठवतंय ना? गेल्या वर्षी अशीच सभा हुती. श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभं राहायचं, पण आपल्याकडं अर्ध्या मिनिटात पुढचे बसतात. म्हणून नानांनी हा दिवा केला. एकाच दिव्यात दोन रंग. लाल हाय तोवर उभं राहायचं, दोन मिनिटांनी आपोआप हिरवा झाला की बसायचं. झाला हिरवा. पुढचे बसले. मागं बाया उभ्याच! हिरवा इतका मंद, की मागून दिसलाच न्हाई. नानांची थोरली बहीण, पारूआक्का, गुडघे धरून उभ्या.

नाना दुकानात आले, दिवा खोलून बसले. मग म्हणले, "मंगल, आक्का माझ्यामुळं उभी राहिली गं."

मी म्हणलं, वीज अडवणारा रेझिस्टर लहान घाला, हिरवा वाढंल. घातला. हिरवा वाढला, आन लाल असा भडकला की डोळे दिपले! दोन्ही रंगांना रेझिस्टर एकच ना! मी म्हणलं, मग दोन दिवे लावा. न्हाई म्हणजे न्हाई. माणसांनी बघायचं कुठं, म्हणले.

आन एका सकाळी नाना ओरडले, "मंगल, डायोड!" अहो, काय सुचलं हुतं! या दिव्यात वीज इकडून गेली की लाल, उलटी गेली की हिरवा. आन डायोड वीज एकाच बाजूनं सोडतो. मग दोन डायोड घ्या, तोंडं उलटसुलट करा, प्रत्येकाला आपापला रेझिस्टर. लालला मोठा, हिरव्याला लहान. दोन्ही रंग सारखे उजळले! आमी दोघं दुकानात नाचलो. "आता पुढच्या सभेला आक्काला दाखवू," म्हणले.

पुढची सभा ही झाली. त्यांचीच.

मंडळी, उभे राहा. मी लाल लावते. पुढच्यांनो, आज तुमची घाई चालायची न्हाई. पारूआक्का, तुमी मागंच हायात ना? तुमी बसल्याबिगर कुणी बसायचं न्हाई. हिरवा दिसला की बसा, आक्का.